ब्लेंडरचा रेंडर चार मशीनवर वाटला की फ्रेम का गळतात, का बिघडतात

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला, एका मशीनवर सुरळीत चालणारा रेंडर (सीनमधून एकेक चित्र, म्हणजे फ्रेम, तयार करण्याचं काम) रात्री चार मशीनवर वाटून लावला की सकाळी फोल्डरमध्ये काहीतरी विपरीत दिसतं. मधल्या काही फ्रेम उघडतच नाहीत. काहींवर टेक्स्चरच्या (वस्तूवर चढवलेल्या चित्राच्या) जागी झगझगीत गुलाबी रंग असतो. कुठे पाणी एकदम उडी मारतं, तर कुठे व्हिडिओ चालवल्यावर उजेड लुकलुकतो. तेवढ्या फ्रेम पुन्हा रेंडर करून वेळ मारून नेली जाते आणि पुढच्या प्रोजेक्टला ये रे माझ्या मागल्या. फ्रेम दुरुस्त होतात, पण ज्या मशीनवर त्या बिघडल्या ते मशीन तसंच राहतं.

पुढचं सगळं ब्लेंडर आणि त्याचं रेंडर इंजिन सायकल्स धरून लिहिलं आहे: तीन ते आठ मशीन, एक गिगाबिट स्विच, एक शेअर फोल्डर आणि सगळ्या मशीनवरून उघडलेली तीच डॉट ब्लेंड (ब्लेंडरची प्रोजेक्ट) फाइल.

पहिल्यांदा फ्रेमवर मशीनचं नाव येऊ द्या

बिघडलेली फ्रेम कोणत्या मशीनवर तयार झाली हे कळलं की निम्मं काम झालं. आउटपुट प्रॉपर्टीजमध्ये मेटाडेटा नावाचा भाग आहे, त्यात ‘होस्टनेम’वर टिक करा. ‘बर्न इन्टू इमेज’ मात्र बंद ठेवा, नाहीतर नाव चित्रावरच छापलं जाईल. पीएनजी आणि ईएक्सआर फाइलमध्ये ही माहिती आत साठते आणि ब्लेंडरच्याच इमेज एडिटरमध्ये वाचता येते. विंडोजने आपोआप दिलेली ‘डेस्कटॉप’ आणि पुढे अगम्य अक्षरं अशी नावं बदलून मशीनना सुटसुटीत नावं द्या, आणि तीच नावं कॅबिनेटवर चिकटवा.

आता बिघडलेल्या दहा-बारा फ्रेमची यादी करा आणि प्रत्येकीसमोर मशीन लिहा. सगळ्या एकाच मशीनच्या निघाल्या तर दोष त्या मशीनच्या सेटिंगमध्ये आहे आणि डॉट ब्लेंड फाइलला हात लावायची गरज नाही. सगळ्या मशीनवर विखुरलेल्या असतील तर दोष फाइलमध्ये किंवा शेअर फोल्डरमध्ये आहे. ही एक गोष्ट न तपासता सॅम्पल (प्रत्येक बिंदूसाठी किती वेळा उजेड मोजायचा तो आकडा) वाढवणं, ड्रायव्हर बदलणं, ब्लेंडर पुन्हा टाकणं यात दिवस जातो.

फ्रेम ‘स्टेप’ लावून वाटल्या असतील, म्हणजे पहिल्या मशीनला १, ५, ९, दुसऱ्याला २, ६, १० अशा, तर मेटाडेटा नसतानाही अंदाज येतो. समजा ३, ७, ११, १५ या फ्रेम काळपट आहेत. अंतर चारचं, मशीन चार, म्हणजे तिसऱ्या मशीनकडे बघायचं. सलग तुकडे देण्यापेक्षा (पहिल्याला १ ते २५०, दुसऱ्याला २५१ ते ५००) ही वाटणी एरवीही बरी. धूर, केस, काच असलेला जड भाग साधारण सलग येतो आणि सलग तुकड्यांत तो एकाच मशीनच्या गळ्यात पडतो.

शून्य बाइटच्या फ्रेम

सर्वात जास्त येणारी अडचण हीच. वाटपाची सोपी रीत अशी: आउटपुटमध्ये ‘ओव्हरराइट’ची टिक काढायची, ‘प्लेसहोल्डर्स’वर टिक करायची आणि प्रत्येक मशीनवर तीच फाइल उघडून अॅनिमेशन रेंडर सुरू करायचं. मशीन फ्रेम हातात घेताना त्या नावाची रिकामी फाइल आधी तयार करतं. दुसरं मशीन ती फाइल बघून पुढच्या फ्रेमवर जातं. स्वतंत्र मॅनेजर लागत नाही, म्हणून ही रीत फार वापरली जाते.

अडचण येते ती मशीन मध्येच बंद पडल्यावर. एस्केप दाबून रेंडर थांबवला तर ब्लेंडर आपली रिकामी फाइल पुसून टाकतं. पण लाइट गेली, मशीन हँग झालं किंवा टास्क मॅनेजरमधून ब्लेंडर मारलं, तर ती शून्य बाइटची फाइल तशीच राहते. ओव्हरराइट बंद असल्यामुळे बाकीची मशीन ‘ही फ्रेम कुणीतरी घेतली आहे’ असं समजून ती ओलांडतात. रेंडर संपला असं दिसतं आणि फ्रेम मात्र कुणीच केलेली नसते.

उपाय: सगळ्या मशीनवरचा रेंडर थांबला आहे याची खात्री करा. मग फोल्डर ‘साइज’प्रमाणे लावा, शून्य आकाराच्या फायली वर येतील, त्या पुसा आणि रेंडर पुन्हा सुरू करा. झालेल्या फ्रेम वगळून फक्त गाळलेल्या जागा भरल्या जातील. रेंडर चालू असताना शून्य बाइटच्या फायली पुसू नका. त्यातल्या काही त्या क्षणी कुठल्यातरी मशीनवर तयार होत असतात. चालू रेंडरमध्येच साफसफाई करायची असेल तर फाइल तयार झाल्याची वेळ बघा. सर्वात जड फ्रेमला २० मिनिटं लागत असतील तर तासाभरापेक्षा जुनी रिकामी फाइल बेवारस समजायला हरकत नाही.

आकाराप्रमाणे लावलेल्या त्याच यादीत आणखी एक गोष्ट बघा. शेजारच्या फ्रेम १४ एमबीच्या आणि मधली एक ५ एमबीची असेल तर ती लिहिताना नेटवर्क तुटलं असण्याची शक्यता आहे. अशी अर्धवट फ्रेम उघडते, पण खालचा भाग काळा असतो. ती शून्य बाइटची नसल्यामुळे वरच्या साफसफाईतून निसटते आणि थेट व्हिडिओत जाते.

ओव्हरराइट बंद ठेवण्याचा दुसरा परिणाम लक्षात न आल्यामुळेही गोंधळ होतो. काल कमी सॅम्पलवर केलेल्या चाचणीच्या फ्रेम त्याच फोल्डरमध्ये असतील तर आज त्या ओलांडल्या जातील. तयार व्हिडिओत मध्येच जुना कॅमेरा किंवा दाणेदार फ्रेम दिसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. प्रत्येक आवृत्तीला नवा फोल्डर करा, मग कितीही घाई असो.

दोन मशीननी एकाच क्षणी फोल्डर तपासला तर दोघं तीच फ्रेम घेतात. वेळ वाया जातो, चित्र बिघडत नाही. मशीन पाच-दहा सेकंदांच्या अंतराने सुरू केली की हे कमी होतं.

गुलाबी टेक्स्चर

गुलाबी रंग म्हणजे इमेज फाइल सापडली नाही. टेक्स्चर मूळ मशीनच्या सी ड्राइव्हवर, ‘डाउनलोड्स’मध्ये असतं; तिथे दिसतं, बाकी तिघांकडे तो पत्ताच नसतो. ‘फाइल’ मेन्यूतल्या ‘एक्स्टर्नल डेटा’मध्ये ‘रिपोर्ट मिसिंग फाइल्स’ आहे, ते बिघडलेल्या मशीनवर चालवा. मूळ मशीनवर चालवून उपयोग नाही, तिथे सगळं ठीकच दिसणार.

प्रोजेक्ट छोटा असेल तर ‘पॅक रिसोर्सेस’ करा, टेक्स्चर आणि फॉन्ट डॉट ब्लेंड फाइलमध्येच येतील. मोठ्या प्रोजेक्टला हे परवडत नाही. फाइल २ जीबीची झाली आणि आठ मशीननी ती एकदम उघडली तर १६ जीबी गिगाबिट लाइनवरून जायला, सेकंदाला ११० एमबीच्या चांगल्या वेगानेही, जवळपास अडीच मिनिटं लागतात. तेव्हा सगळी टेक्स्चर शेअर फोल्डरमध्ये डॉट ब्लेंडच्या शेजारी ठेवा आणि ‘मेक पाथ्स रिलेटिव्ह’ करा, म्हणजे पत्ते डॉट ब्लेंडच्या जागेवरून मोजले जातील. वेगळ्या ड्राइव्हवरच्या फाइलचा पत्ता विंडोजवर रिलेटिव्ह होऊच शकत नाही, म्हणून आधी फायली हलवायच्या आणि मग पत्ते बदलायचे.

फक्त लिनक्स मशीनवरच गुलाबी येत असेल तर नावातली लहान-मोठी अक्षरं बघा. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक वाटत नाही, लिनक्सला वाटतो. आणि फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर ब्लेंडर ते चालवून घेतं, पण विंडोजच्या बॅच फाइलमधून दिलेला तोच पत्ता कोडपेजमुळे (अक्षरांच्या संकेतांच्या तक्त्यामुळे) बिघडू शकतो. मराठी नावाचा कितीही मोह झाला तरी रेंडरच्या फोल्डरला रोमन अक्षरांतलं, मध्ये जागा नसलेलं नाव द्या.

फाइल तीच, प्रेफरन्सेस वेगळे

बऱ्याच ‘गूढ’ तक्रारींचं मूळ इथे आहे. डॉट ब्लेंड फाइलबरोबर सीनची सेटिंग जातात, वापरणाऱ्याचे प्रेफरन्सेस जात नाहीत. म्हणून चार मशीनवर तीच फाइल उघडूनही चार वेगळी वातावरणं असतात.

पहिलं जीपीयू. सीनमध्ये ‘जीपीयू कॉम्प्युट’ निवडलेलं असतं, पण त्या मशीनच्या प्रेफरन्सेसमध्ये, सिस्टिम टॅबवर, सायकल्सचं डिव्हाइस निवडलेलं नसतं. अशा वेळी रेंडर गुपचूप सीपीयूवर होतो. बाकी मशीनना फ्रेमला दीड मिनिट आणि एकाला पंधरा मिनिटं लागत असतील तर हेच तपासा. कमांड लाइनवरून रेंडर करत असाल तर कमांडच्या अगदी शेवटी, दोन सुट्या डॅशनंतर, सायकल्स-डिव्हाइसचा ऑप्शन देऊन कूडा, ऑप्टिक्स किंवा हिप (जीपीयू वापरण्याच्या पद्धती) सक्तीने निवडता येतं.

दुसरं ‘ऑटो रन पायथन स्क्रिप्ट्स’. रिगमधल्या (कॅरेक्टर हलवणाऱ्या सांगाड्यातल्या) गुंतागुंतीच्या ड्रायव्हरना (एका मूल्यावरून दुसरं ठरवणाऱ्या सूत्रांना) पायथन लागतं. हा पर्याय बंद असलेल्या मशीनवर कॅरेक्टरचा हात जागच्या जागी राहतो किंवा डोळे भलतीकडे वळतात. समोर बसून फाइल उघडली तर ब्लेंडर विचारतं. बॅकग्राउंडमध्ये मात्र लॉगमध्ये एक ओळ लिहून पुढे जातं, आणि रात्री तीन वाजता ती ओळ वाचायला कुणी नसतं. कमांडमध्ये फाइलच्या नावाच्या आधी ‘मायनस वाय’ द्या, अर्थात फाइल विश्वासाची असेल तरच.

तिसरं अॅड-ऑन (ब्लेंडरला जोडलेले पूरक प्रोग्राम), तेही सगळीकडे सारखे हवेत; आणि चौथं आवृत्ती. ब्लेंडर सगळीकडे शेवटच्या आकड्यापर्यंत एकच हवं. ४.० पासून नव्या फाइलचं रंगांचं डीफॉल्ट फिल्मिकऐवजी एजीएक्स झालं, ३.६ मध्ये एजीएक्स नाही, त्यामुळे एखाद्या मशीनवर जुनं ब्लेंडर राहिलं असेल तर त्याच्या फ्रेमचा रंग सरळ वेगळा दिसतो. यासाठी इन्स्टॉलर टाळा. ब्लेंडरची झिप आवृत्ती एकदा उघडून तोच फोल्डर सगळ्या मशीनवर कॉपी करा.

पाणी, धूर, कापड उडी मारतं

सिम्युलेशनची प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमवरून ठरते. बेक न करता (म्हणजे हिशेब आधी करून साठवून न ठेवता) वाटलं तर ३०० व्या फ्रेमपासून सुरू करणाऱ्या मशीनकडे आधीच्या २९९ फ्रेमचा हिशेबच नसतो, आणि ते चुकीच्या स्थितीतून सुरुवात करतं. इथे कुठलीही चलाखी चालत नाही. एका मशीनवर बेक करा, कॅश (तो साठवलेला हिशेब) शेअर फोल्डरमध्ये ठेवा, मग वाटा. कापड आणि पार्टिकलसाठी ‘डिस्क कॅश’वर टिक करा म्हणजे डॉट ब्लेंडच्या शेजारी कॅशचा फोल्डर तयार होतो. फ्लुइडच्या कॅशचा पत्ता रिलेटिव्ह आहे ना ते बघा; तो अनेकदा मूळ मशीनच्या टेंप फोल्डरकडे बोट दाखवत असतो. जिऑमेट्री नोड्समधला सिम्युलेशन झोनही बेकच करावा लागतो. बेक झाल्यावर फाइलचं नाव बदललं तर डिस्क कॅश सापडत नाही, कारण कॅश फोल्डरच्या नावात फाइलचं नाव असतं.

उजेड लुकलुकतो, दाणा बदलतो

ऑप्टिक्सचा डिनॉइझर (दाणा पुसणारा भाग) फक्त एनव्हीडियाच्या कार्डवर चालतो. मशीन मिश्र असतील तर सीनमध्ये ‘ओपन इमेज डिनॉइझ’ निवडा. सीपीयू आणि जीपीयूच्या फ्रेममध्ये डोळ्याला दिसण्यासारखा फरक सहसा नसतो, म्हणून हळू मशीन सीपीयूवर लावायला हरकत नाही. ज्या मशीनच्या कार्डची मेमरी सीनला पुरत नाही त्यालाही सीपीयूवरच टाका.

रात्रीच्या रेंडरआधी ही चाचणी नक्की करा. केस, काच, अक्षरं, सिम्युलेशन यांतलं जास्तीत जास्त ज्यात आहे अशी एक फ्रेम निवडा. तीच फ्रेम प्रत्येक मशीनवर वेगळ्या नावाने रेंडर करा. मग कंपोझिटरमध्ये दोन-दोन चित्रं मिक्स नोडला जोडून ‘डिफरन्स’ लावा आणि एक्सपोजर चार-पाच स्टॉप वाढवा. जवळपास काळं दिसलं तर दोन्ही मशीन सारखी आहेत. अक्षरांच्या कडा उजळल्या तर फॉन्ट वेगळा, एखादी वस्तू भरीव उजळली तर तिचं टेक्स्चर नाही, सगळं चित्रच राखाडी झालं तर रंगाची सेटिंग किंवा आवृत्ती वेगळी. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यातून कळतं ते नुसतं बघून कळत नाही.

सगळ्या मशीनच्या फ्रेम सारख्या असूनही लुकलुकत असेल तर सॅम्पल कमी पडत आहेत. ते एकाच मशीनवरही होईल, वाटपाचा त्यात दोष नाही.

ड्राइव्ह दिसत नाही, लाइन मंदावते

शेअर फोल्डरला सगळ्या विंडोज मशीनवर एकच ड्राइव्ह अक्षर द्या. दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारे नेटवर्कचे पत्ते थेट वापरले तर ब्लेंडर आणि कमांड विंडो दोघंही कधीकधी अडतात. मॅप केलेला ड्राइव्ह त्या लॉगिनपुरताच असतो. म्हणून तुम्हाला एक्सप्लोररमध्ये दिसणारा ड्राइव्ह ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेल्या ब्लेंडरला किंवा सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या वर्करला (मॅनेजरकडून काम घेऊन रेंडर करणाऱ्या प्रोग्रामला) दिसत नाही. साध्या लॉगिनमध्ये, साध्या खिडकीतून चालवा.

विंडोज ११ प्रो २४एच२ वर गेल्यानंतर पासवर्ड नसलेला शेअर अचानक बंद पडला असेल तर कारण ठरलेलं आहे: या आवृत्तीत गेस्ट लॉगिन नाकारलं जातं आणि एसएमबी सायनिंग (फाइल शेअरिंगच्या संदेशांवरची डिजिटल सही) सक्तीचं आहे. शेअरवर खरा युजर आणि पासवर्ड तयार करा. सुरक्षा सैल करण्याच्या वाटेला जाऊ नका.

एकच मशीन फाइल उघडायला फार वेळ घेत असेल तर त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० ऐवजी १०० दिसलं तर केबल बदला. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. क्रिम्प करताना एक तार नीट बसली नाही तर लाइन चालू राहते पण दहापट मंद होते, सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी. आणि जागा आधी मोजा: फुल एचडी, हाफ फ्लोट, चार चॅनेलची ईएक्सआर फ्रेम कॉम्प्रेशनशिवाय साधारण १६.६ एमबीची असते. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने दोन मिनिटं म्हणजे २,८८० फ्रेम, म्हणजे सुमारे ४८ जीबी. डिस्क भरली की फ्रेम पुन्हा शून्य बाइटच्या दिसायला लागतात आणि दोष भलत्यालाच दिला जातो.

गुगल ड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरवर हे वाटप करू नका. प्लेसहोल्डर दुसऱ्या मशीनपर्यंत पोहोचेपर्यंत त्याने तीच फ्रेम घेतलेली असते.

फ्लेमेंको वापरत असाल तर

पाच-सहा मशीनच्या वर गेलात की प्लेसहोल्डरपेक्षा फ्लेमेंको (मशीनना फ्रेम वाटून देणारा प्रोग्राम) बरा. तो ब्लेंडरवाल्यांचाच आणि मोफत आहे. वर्करला मॅनेजर सापडत नसेल तर आपोआप शोधण्यावर विसंबू नका, वर्करच्या सेटिंग फाइलमध्ये मॅनेजरचा पत्ता पोर्ट ८०८० सह लिहा आणि विंडोजचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. एखाद्या वर्करला पुन्हा पुन्हा अपयश आलं की मॅनेजर त्याला त्या जॉबच्या ब्लॉकलिस्टमध्ये टाकतो. कारण दुरुस्त केल्यावर त्याला तिथून हाताने काढावं लागतं. ‘चंक साइज’ (एका खेपेत दिलेल्या फ्रेमची संख्या) १ ठेवली तर प्रत्येक फ्रेमला ब्लेंडर आणि सीन नव्याने उघडतो. सीन उघडायला दोन मिनिटं आणि फ्रेमला एक मिनिट लागत असेल तर १० ते २० ठेवा. मॅनेजरला लॉगिन-पासवर्ड नाही, तेव्हा तो ऑफिसच्या लॅनबाहेर उघडा ठेवू नका.

हाताने कमांड देणाऱ्यांसाठी एवढंच: ब्लेंडर ऑप्शन डावीकडून उजवीकडे, आले त्या क्रमाने पाळतं. ‘मायनस ए’ म्हणजे अॅनिमेशन रेंडर. ते सुरुवात, शेवट आणि आउटपुटच्या ऑप्शनआधी आलं तर ते तिन्ही दुर्लक्षित होतात आणि प्रत्येक मशीन पूर्ण रेंजच रेंडर करत बसतं.

जोडताना

थेट एमपी४ मध्ये वाटप होत नाही. एका फाइलमध्ये चार मशीन लिहू शकत नाहीत. फ्रेम एफएफएमपेग या प्रोग्रामने जोडताना क्रमातली एक फ्रेम नसेल तर तो तिथेच थांबतो, म्हणून व्हिडिओ अपेक्षेपेक्षा छोटा निघाला तर शेवटच्या फ्रेमच्या पुढचा नंबर फोल्डरमध्ये शोधा. क्रम १००१ पासून सुरू होत असेल तर सुरुवातीचा नंबर सांगावा लागतो. फ्रेमरेट इनपुटच्या आधी लिहा. न लिहिल्यास तो २५ धरतो आणि २४ च्या वेगाने केलेलं एक मिनिट ५७.६ सेकंदात संपतं, आवाज मागे राहतो. पीएनजीवरून केलेला एच२६४ फोनवर चालत नसेल तर पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी द्यायचा राहिला आहे.

वीज

भिंतीतला ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला १,३८० वॉटपर्यंतचा. जीपीयू पूर्ण ताणावर असताना ४०० वॉट घेणारी चार मशीन एका एक्स्टेन्शन बोर्डवर लावली की १,६०० वॉट होतात, आणि बोर्ड तापतो किंवा एमसीबी पडतो. दोन-दोन मशीन वेगळ्या सर्किटवर लावा. मशीनची स्लीप सेटिंग बंद करा आणि विंडोज अपडेट त्या रात्रीपुरतं थांबवून ठेवा. यूपीएस एकच असेल तर तो शेअर फोल्डरच्या मशीनला आणि स्विचला द्या. रेंडरचं एक मशीन गेलं तर एक फ्रेम जाते. स्टोअरेज गेलं तर त्या क्षणी सगळ्या मशीनच्या हातातली फ्रेम जाते.